मागच्या पंगतीची अर्धी पोळी

वहिनी,

परवा तुमचं तेरावं झालं आणि काल सकाळी माझ्या ऋचाला चक्कर आली.

ओट्यापाशी उभी राहून कुमुदआत्यांसाठी चहा गाळत होती. गाळणी हातातच राहिली आणि पोरगी हळूच खाली बसली. ओठ पांढरे पडलेले, कपाळावर घाम. घरात अजून पाहुणे होते, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी कांदा शोधत होतं, कुणी पंखा वाढवत होतं. कुमुदआत्या मात्र सरळ तुमच्या खोलीत गेल्या, ड्रॉवर उघडला आणि तुमच्या लोहाच्या गोळ्यांची उरलेली पट्टी घेऊन आल्या.

"घे बाळ. शैलाच्या उरल्यात, वाया कशाला घालवायच्या? आपल्या घरच्या बायकांना रक्त कमीच."

मी ती पट्टी त्यांच्या हातातून ओढून घेतली. हळूच घेतली असती तरी चाललं असतं, पण ओढली. वयाने एवढ्या मोठ्या बाईसमोर, भरल्या घरात, सासऱ्यांच्या सख्ख्या बहिणीच्या हातातून. मग कुणीतरी म्हणालं, "जावेवर फार जीव होता हो तिचा." आणि माझा राग दुःखात जमा करून मंडळी पुन्हा कांदा शोधायला लागली.

दुःख होतंच. पण तेव्हा मला आला तो राग होता, आणि तो त्या वाक्याचा होता. 'आपल्या घरच्या बायकांना रक्त कमीच.' हे वाक्य पहिल्यांदा मी तुमच्याच तोंडून ऐकलं होतं. तुम्ही असतात तर तुम्हीही आत्यांचीच बाजू घेतली असती, आणि वर मला म्हणाला असतात, "अलका, गोळी आहे, बॉम्ब नाही." म्हणून आज तुमच्याशीच भांडायला बसले आहे. तुमच्याशी भांडण अर्धं टाकून उठायची मला सवय नाही.

लग्न होऊन वर्ध्याहून पुण्याला, बिबवेवाडीत आले तेव्हा या घरात मला समजेल असं बोलणारं एकही माणूस नव्हतं. सगळे मराठीच बोलायचे, पण अशा थंड सुरात की कौतुक चाललंय की अपमान, हे कळायला दुसरा दिवस उजाडायचा. मी केलेला पहिला चहा तुम्ही एक घोट घेऊन खाली ठेवलात आणि म्हणालात, "छान आहे. पुढच्या वेळी यात चहाची पावडर पण घालून बघ." मी रडले. तुम्ही माझ्या पाठीवर हात फिरवलात आणि म्हणालात, "रडू नकोस गं. मला आल्याआल्या सासूबाईंनी याच्याहून वाईट सुनावलंय." तिथून आपलं जमलं.

जमलं ते मागच्या पंगतीला. पुरुष आणि मुलं जेवून उठली की आपण दोघी स्वयंपाकघरात, ओट्यापाशी समोरासमोर, जमिनीवर बसायचो. दिवसातला तेवढाच वेळ आपला. तुम्ही खालच्या गाळ्यातल्या पिको-फॉलच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या, मी माझ्या पतपेढीतल्या साहेबाची. हसता हसता डब्यात उरलेल्या पोळ्या वाटून घ्यायचो. तुम्ही कायम माझ्याकडे डबा सरकवायच्या. "मला अर्धी पुरे. तू घे." मी नको म्हटलं की, "घे म्हणते ना, कामावर उभी राहतेस." स्वतः दिवसभर मशीनवर वाकून बसायच्या, ते काम नव्हतं बहुतेक.

ही अर्धी पोळी लक्षात ठेवा वहिनी. तिच्याकडे मी परत येणार आहे.

ऋचाच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी घेतली की मला ढवळून यायचं. मी ती खिडकीतल्या कुंडीत पुरायला लागले आणि दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही मला पकडलंत. "तुळशीला डोहाळे लागलेत का?" असं विचारलंत. त्यानंतर रोज दुपारी गोळी आणि लिंबाचं सरबत घेऊन समोर बसायच्या, मी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की लिंबाने लोह अंगी लागायला मदत होते. तुम्ही ते दिलं होतंत ते केवळ माझी मळमळ थांबावी म्हणून, पण श्रेय घ्यायला विसरला नाहीत. बाळंतपणानंतर अळिवाचे लाडू, मेथी, खजूर, गूळ-शेंगदाणे. मी लाल टोमॅटोसारखी झाले होते. तेव्हा एकदा मी विचारलं, "तुम्हाला चिन्मयच्या वेळी कोणी केलं हे सगळं?" तुम्ही लाडू वळत म्हणालात, "मला? मी तर आठव्या महिन्यापर्यंत खालच्या नळावरून पाणी भरत होते. लाडू केले होते की मी. पाहुण्यांसाठी."

हे तुम्ही गंमत म्हणून सांगितलंत. मीही हसले. आपण दोघी कशाकशाला हसलो ते आठवलं की आता धडकी भरते.

मग तुमची चाळिशी संपत आली तेव्हाची ती वर्षं. पाळी आली की दहा-दहा दिवस जायची नाही. तुम्ही गडद रंगाच्याच साड्या नेसायला लागलात आणि लोक म्हणायचे, शैलाला मरून रंग शोभतो. जिना चढून आलात की दारातल्या खुर्चीवर टेकायच्या. तेव्हा पहिल्यांदा रक्त तपासलं, कमी निघालं, आणि ही गोळी घरात आली. तेव्हा ती गोळी बरोबरच होती. जात होतं त्याची भरपाई हवीच होती.

आणि मग तो श्रीखंडाचा दिवस! साधा मंगळवार. ना सण, ना कुणाचा वाढदिवस. तुम्ही चक्का आणून केशर-वेलची घालून श्रीखंड केलंत, पुऱ्या तळल्यात. भाऊजींनी, म्हणजे तुमच्या नवऱ्याने, विचारलं, "आज काय विशेष?" तुम्ही म्हणालात, "काही नाही. असंच." मागच्या पंगतीला माझ्या वाटीत दुप्पट श्रीखंड वाढून कानाशी सांगितलंत, "वर्ष झालं. गेली एकदाची. सुटले बाई." सगळ्या घराने तुमच्या पाळीच्या निरोपाचं श्रीखंड बोटं चाटून खाल्लं आणि आपल्या दोघींशिवाय कुणाला पत्ता नव्हता. इतक्या मोकळ्या हसताना मी तुम्हाला क्वचित पाहिलं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट बदलली होती. ती मात्र आपल्यालाही माहीत नव्हती.

दोन वर्षांमागे तुम्ही पुन्हा दारातल्या खुर्चीवर टेकायला लागलात. चेहरा पिठासारखा. तपासलं, रक्त कमी. नेहमीच्या डॉक्टरांनी नेहमीची गोळी दिली आणि घराने नेहमीचं वाक्य म्हटलं. मीही म्हटलं. आणि मग सुरू झालं आपलं चहाचं भांडण.

तुम्ही गोळी चहाबरोबर घ्यायच्या. "पाण्याने घशात अडकते." मी कुठेतरी वाचलं होतं की चहाबरोबर लोह अंगी लागत नाही. मी तुमच्या मागेच लागले. तुम्ही म्हणालात, "या घरात चहाला नावं ठेवायची नाहीत. वर्ध्याला चहा पोहोचला कधी गं?" मी अबोला धरला, तुम्ही धरलात. शेवटी तुम्ही हरलात. गोळी आधी, चहा तासाभराने. तो तासभर तुम्ही घड्याळाकडे अशा बघायच्या की घड्याळालाच अपराधी वाटावं. मी जिंकले म्हणून खूश होते. पुढच्या तपासणीत रक्त होतं तिथेच राहिलं.

मग आपण माळ्यावरून लोखंडी कढई काढली. नॉनस्टिक बाजूला गेलं. उसळीवर लिंबू पिळायला लागलो. ऋचाने कुठून तरी बीटचं काहीतरी शोधून काढलं आणि तुम्ही ते पिऊन म्हणालात, "यापेक्षा रक्त कमी असलेलं बरं." सगळं घर तुमच्या तोंडात काय जातंय त्याची काळजी करत होतं.

त्याच दिवसांत एकदा, भाजी निवडताना, तुम्ही आवाज खाली आणून मला म्हणालात, "अलका, हल्ली शौचाला काळं होतं गं. डांबर." आणि लगेच स्वतःच उत्तर दिलंत, "गोळीने होतं म्हणे." मी म्हटलं, "हो, मलाही व्हायचं ऋचाच्या वेळी." खरंच व्हायचं. गोळीने होतंच. आपण पुढची जुडी सोडवायला घेतली.

वहिनी, हे मी गुन्हा कबूल करायला लिहीत नाही. कबुलीची मला हौस नाही, आणि तुम्ही तर माझं एक वाक्यही पुरं होऊ दिलं नसतंत. मला माहीत होतं ते मी सांगितलं, तुम्हाला पटलं ते तुम्ही मानलंत. मला छळतं ते वेगळंच. ज्या गोळीने बरं करायचं, तिनेच आजारावर पांघरूण घातलं. आणि उरलेलं पांघरूण तुमच्या स्वभावाने घातलं.

कारण पोळी आता अर्धीचीही पाव झाली होती. "भरलं गं पोट." मागच्या पंगतीला वीस वर्षं 'अर्धी पुरे' म्हणणाऱ्या बाईने 'पाव पुरे' म्हटलं तर कोण थांबून बघणार? दुसरं कुणी जेवेनासं झालं असतं तर दोन दिवसांत घर हललं असतं. भाऊजींनी एक भाकरी कमी खाल्ली तर तुम्हीच ओवा घेऊन मागे फिरायच्या. तुमचं दुखणं आणि तुमचं वळण यांत आम्हाला फरक करता आला नाही. इतकी वर्षं तुम्ही ते एकसारखंच दाखवलं होतंत. याचा मला राग येतो. तुमच्यावर येतो, आमच्यावर येतो, आणि ज्यांनी तुम्हाला पहिल्यांदा मागे बसवलं त्यांच्यावर तर फारच येतो.

शेवटी जेवण अगदीच जाईना तेव्हा पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो ती दुपार. तरुण होता, ऋचाच्या वर्गातला वाटावा असा. तुम्ही आत जाताच त्याची परीक्षा घेतलीत, "तुमचं जेवण झालं का हो वेळेवर?" तो हसला. रिपोर्ट चाळले आणि विचारलं, "काकू, पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"झाली की सहा-सात."

त्याने रिपोर्ट खाली ठेवला. मग अगदी साधेपणाने सांगितलं. मुलगी वयात येते तेव्हा तिची लोहाची गरज वाढते, कारण ती वाढतही असते आणि दर महिन्याला रक्तही जातं. पोटात बाळ असताना तर ती फारच वाढते. आणि पाळी कायमची गेली की बाईची गरज उतरते, घरातल्या पुरुषाइतकीच उरते. "तुमचं जायचं बंद झालं. गोळ्या चालू आहेत. तरी रक्त कमीच." तो तुमच्याकडे बघत म्हणाला, "मग काकू, हे रक्त जातंय कुठे?"

इतका साधा प्रश्न. श्रीखंडाच्या दिवसापासून तो आपल्या घरात पडून होता. बीट आणणाऱ्यांपैकी, कढई उतरवणाऱ्यांपैकी कुणालाही तो सुचला नाही, कारण बायकांचं रक्त कमीच असतं.

आपण रिक्षात बसलो. घराकडचा गंगाधामचा चढ लागला तेव्हा म्हणालात, "प्रश्न चांगला विचारला गं पोराने." एवढंच. मी तुमचा हात धरला होता, तो गार होता. दुर्बिणीतून जठरातली गाठ दिसली ती नंतर. पण तुम्हाला त्या रिक्षातच कळलं होतं. मला विचारायचं होतं, भीती वाटते का? विचारलं नाही. घरी आल्यावर तुम्ही ओट्याशी गेलात आणि चहाचं आधण ठेवलंत, गोळीची वेळ न बघता. त्या दिवशी मी काही बोलले नाही. भांडण तिथेच राहिलं.

त्यानंतरचे महिने लिहिण्यासारखे नाहीत. ते आपण दोघींनी पाहिलेत, तेवढं पुरे.

तर काल. आत्यांच्या हातातली पट्टी माझ्या हातात आणि सगळे माझ्याकडे बघतायत. तुमचे धाकटे दीर, माझे सुहासराव, मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, घेऊ दे ना तिला एक गोळी. काय बिघडतं?"

मी म्हटलं, "कदाचित हीच गोळी लागेल तिला. सोळाची आहे. सकाळी न खाता क्लासला पळते, दिवसभर चहा आणि वडापाव, वर पाळीत कळवळते. तिला लोह हवंच असेल. पण आधी तपासू दे, विचारू दे, कुणीतरी मोजू दे. शैलावहिनींना कितीतरी महिने आपण न विचारता दिली."

सुहास पंखा कमी-जास्त करायला गेले. तुमचं नाव निघालं की आता ते काहीतरी काम शोधतात.

ऋचा भिंतीला टेकून बसली होती, हातात गुळाचा खडा. तिथून म्हणाली, "मम्मी, तू केलंयस चेक? तुला पण किती दिवस चाललंय. मला दिसतं ना, बाथरूम एकच आहे आपलं."

आणि वहिनी, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "माझं काय गं, माझं वयाचं आहे."

आवाजसुद्धा तुमचा होता. तो हेलही, शेवटी हात झटकायची लकबही. ऋचा माझ्याकडे बघतच राहिली. मी काल गडद निळी साडी नेसले होते. गेले कित्येक महिने मी गडदच नेसते आहे आणि मलाही पतपेढीत सांगतात, हा रंग तुम्हाला छान दिसतो.

आम्ही दोघी तशाच उठून कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये गेलो. मी सकाळपासून चहा घेतला नव्हता. रक्त काढणारी मुलगी म्हणाली, "चहा घेतला असता तरी चाललं असतं हो मावशी." मी म्हटलं, "असू दे. एकीशी भांडण चाललंय त्यावरून." तिला काय कळणार. ऋचाने माझं बोट धरलं होतं, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची तसं. फरक एवढाच की काल सुई आधी मला टोचली.

रिपोर्ट उद्या येतील. काय येईल माहीत नाही. मला भीती वाटते, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी गोळी घेईन, लागली तर. पण ते रक्त कुठे जातंय हे विचारल्याशिवाय त्या दवाखान्यातून उठणार नाही. ऋचाच्या वतीनेही नाही आणि माझ्या वतीनेही नाही.

आता आज दुपारची गोष्ट सांगते आणि थांबते.

पाहुणे गेले होते, चिन्मयही नोकरीच्या गावी परतला होता. घरात आम्ही चौघंच. मी पानं घ्यायला लागले आणि सवयीने तीनच घेतली. भाऊजी दारात उभे होते. तुम्ही गेल्यापासून ते असे दारात उभे राहतात, आत यायचं की नाही हे न ठरवता. ते म्हणाले, "अलका, तू बस ऋचाबरोबर. आज मी वाढतो."

वहिनी, भाऊजी! ज्यांना आपल्या स्वयंपाकघरात मीठ कुठे असतं ते माहीत नाही ते. त्यांनी पळी उलटी धरली, आमटी ताटाबाहेर सांडली, ऋचाचा भात कोशिंबिरीत बुडवला. मी हसू दाबत जेवत होते. तुम्ही काय काय बोलला असतात ते मनात ऐकू येत होतं. मग ते पोळ्यांचा डबा घेऊन माझ्यापाशी आले आणि मी ताटावर हात आडवा धरला.

"अर्धी पुरे, भाऊजी."

ते तिथेच थांबले. हातात पोळी तशीच. मग माझ्यासमोर खाली बसले, गुडघे धरत, मागच्या पंगतीला तुम्ही बसायच्या बरोबर तिथे.

"अर्धीच का?" त्यांनी विचारलं. "पोटात दुखतंय का तुझ्या? खरं सांग."

"नाही हो. खरंच नाही. सवय आहे."

"मग अख्खी घे," ते म्हणाले. डोळे भरले होते, पण त्यांनी पोळी माझ्या ताटात ठेवली आणि मी खाईपर्यंत समोरून उठले नाहीत.

मी अख्खी खाल्ली, वहिनी.